जेरुसलेमची लाल ट्राम: गाडी चोख, फलक अर्धेच

बेळगावच्या कॅम्पातून, खानापुरातून किंवा गोव्याच्या गटांबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमात जेरुसलेमचे दोन-तीन दिवस असतातच. टूरची बस एका चर्चच्या दारात उतरवते, दुसऱ्याच्या दारात उचलते. मधलं शहर काचेबाहेरून सरकून जातं. या शहराच्या मधोमध १९ वर्षं काटेरी तार होती आणि तिच्या दोन बाजूंच्या रहिवाशांमधलं भांडण अजून मिटलेलं नाही, हे त्या बसमधून कळायला मार्गच नाही. कार्यक्रमात एखादी दुपार मोकळी असेल तर ती लाकडी क्रूस आणि चुंबकं घेण्यात घालवू नका. लाल ट्राममध्ये बसा. हे परीक्षण त्या ट्रामचं आहे: प्रवासाचं साधन म्हणून ती कशी आहे, आणि शहराचा इतिहास वाचायला किती उपयोगी पडते.

ऑगस्ट २०११ मध्ये ही गाडी सुरू झाली. मूळ मार्ग सुमारे १४ किलोमीटरचा आणि २३ स्टॉपांचा. उत्तरेला पिसगत झेव्ह, दक्षिणेला हर्झल टेकडी. आता दोन्ही टोकांना मार्ग पुढे गेला आहे, पण बघण्यासारखं जे आहे ते जुन्या मार्गावरच, तेही त्याच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात.

आधी तिकिटाचं बघू, कारण बहुतेकांची पहिली चूक तिथंच होते. 'रव-काव' नावाचं कार्ड घ्यायचं आणि त्यात पैसे भरायचे. स्टॉपवरची यंत्रं हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत चालतात. कार्ड मिळालं म्हणजे तिकीट झालं, असा समज करून घेऊ नका. डब्यात चढल्यावर दाराजवळच्या यंत्राला ते टेकवलं तरच प्रवास नोंदला जातो. एका भाड्यात ९० मिनिटांपर्यंत गाडी किंवा बस बदलता येते, पण प्रत्येक वेळी चढल्यावर कार्ड पुन्हा टेकवायचं, पैसे कापले जाणार नसले तरीही. नवरा-बायको एकच कार्ड घेऊन फिरतात, एकदा टेकवतात आणि तपासनीस आला की दोघंही गोंधळतात. दंड जागेवरच होतो, 'आम्ही परदेशी' या सबबीला तिथं किंमत नाही. माणशी एक कार्ड घ्या. खाली सांगितलेल्या सगळ्या ठिकाणी उतरायचं असेल तर ९० मिनिटं पुरणार नाहीत, दिवसाचा पास भरून घ्या.

दुसरी चूक वाराची. शुक्रवारी दुपारनंतर ट्राम बंद होते ती शनिवारी रात्री अंधार पडल्यावर सुरू होते. हा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. आपल्याला हे नवीन नाही. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना गावकऱ्यांनी 'शनिवार तेली' नाव दिलं. त्याच नियमानं इथं अख्खी ट्राम थांबते. गंमत म्हणजे त्याच शनिवारी दमास्कस दरवाज्याजवळच्या स्थानकातून अरब कंपन्यांच्या बस बिनघोर सुटत असतात. एका शहरात वाहतुकीच्या दोन व्यवस्था, दोन वेगळी वेळापत्रकं आणि प्रवासीही बहुतेक वेगळे. दुभंग म्हणजे काय, ते शनिवारी सकाळी दहा वाजता या दोन स्टॉपांवर उभं राहिलं की डोळ्यांनी दिसतं.

बसायला उजवी खिडकी धरा. सिटी हॉलच्या स्टॉपवरून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत चढलात की उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम. जुन्या शहराची भिंत, दमास्कस दरवाजा, अरब वस्त्या, सगळं उजवीकडे येतं.

पण गाडीत चढण्यापूर्वी सिटी हॉलच्या स्टॉपवरच थोडं थांबायला हवं. जुन्या नगरपालिकेची १९३० च्या सुमाराची गोलाकार दर्शनी इमारत इथंच याफा रस्त्याच्या तोंडाशी आहे, आणि तिच्या दगडात गोळ्यांचे खड्डे अजून आहेत. कारण १९४८ पासून, १९६७ च्या युद्धात इस्रायलनं पूर्व भाग ताब्यात घेईपर्यंत, इस्रायल आणि जॉर्डनची हद्द इथूनच जात होती. ती कशी आखली गेली ते सीमाभागातल्या माणसानं जरूर ऐकावं. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनच्या बाजूचे अब्दुल्ला अल-तेल यांनी १:२०,००० प्रमाणाच्या नकाशावर मेणाच्या पेन्सिलीनं आपापल्या फौजेची रेषा ओढली. एकानं हिरवी, दुसऱ्यानं लाल. मेणाची पेन्सिल ती, रेष तीन-चार मिलिमीटर जाड उमटली. या प्रमाणात तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर साठ मीटर, चार म्हणजे ऐंशी. मग रेषेच्या जाडीखाली सापडलेल्या घरांचं, गल्ल्यांचं काय? त्या कोणाच्या? दोन रेषांच्या मधली जमीन तर कोणाचीच नव्हती. तात्पुरत्या युद्धबंदीसाठी ओढलेल्या या रेघोट्या एप्रिल १९४९ च्या करारानं कायम झाल्या आणि पुढं १९ वर्षं लोक त्यांवरून भांडत राहिले. १९५६ साली या रेषेला लागून असलेल्या, फ्रेंच नन्सच्या रुग्णालयातल्या एका रुग्णाची कवळी खिडकीतून खाली पडली ती थेट निर्मनुष्य पट्ट्यात. दोन्ही बाजूंची परवानगी काढून, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक बरोबर घेऊन, पांढरं निशाण धरून ती शोधावी लागली. सापडली.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालातली गावांची यादी ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना ही रेषेची जाडी लगेच समजेल.

रेषेच्या दोन्ही अंगांनी माणसं हलली, हे इथं सांगायला हवं, कारण ट्राममध्ये कुठंच ते लिहिलेलं नाही. पश्चिमेकडच्या कातामोन, तालबिया, बका या सुखवस्तू अरब वस्त्या १९४८ मध्ये रिकाम्या झाल्या. सुमारे तीस हजार पॅलेस्टिनी तिथून गेले आणि त्यांना परत येऊ दिलं गेलं नाही. पूर्वेला जुन्या शहरातला ज्यू मोहल्ला २८ मे १९४८ रोजी जॉर्डनच्या अरब लीजन या फौजेला शरण गेला, तिथल्या सगळ्या ज्यूंना बाहेर पडावं लागलं, सिनेगॉग पाडली गेली. करारात कबूल करूनही पुढची १९ वर्षं ज्यूंना त्यांच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी जाता आलं नाही. भांडणाची सुरुवात मात्र याच्याही बरीच आधीची. १९२० च्या एप्रिलमधल्या नबी मुसाच्या मुस्लिम जत्रेतल्या दंगलीत ५ ज्यू आणि ४ अरब मेले. १९२९ साली त्याच पश्चिम भिंतीच्या हक्कावरून पेटलेल्या दंगली देशभर पसरल्या, त्यात १३३ ज्यू आणि ११६ अरब गेले. दोन्ही वेळा ब्रिटिशांचा अंमल होता.

आता गाडीत बसा. पुढचा स्टॉप दमास्कस दरवाजा. इथून ट्राम ज्या 'रस्ता क्रमांक १' वरून जाते तो जवळपास जुन्या निर्मनुष्य पट्ट्यावरच टाकलेला आहे. काटेरी तार होती तिथं रूळ आले. डावीकडे मुसरारा, त्याच्या पलीकडे मेआ शेआरीमची कर्मठ ज्यू वस्ती. उजवीकडे अरब बाजार. तीळ लावलेल्या लांबट कड्यासारख्या पावाची गाडी दरवाज्याजवळ हमखास दिसते. सोबत कागदाच्या पुडीत झातार हा मसाला मागून घ्या, पैसे सुटे द्या.

शिवतेई इस्रायलच्या स्टॉपवर उतरा. या परीक्षणात एकच स्टॉप सुचवायचा असता तर हाच सुचवला असता. मँडेलबॉम दरवाजा इथून हाकेच्या अंतरावर होता. नावाला दरवाजा, प्रत्यक्षात अडसर आणि चौकी. शहराच्या दोन भागांमधला एकमेव नाका. मुत्सद्दी, पाद्री, संयुक्त राष्ट्रांचे लोक, नाताळला काही ख्रिस्ती यात्रेकरू, एवढेच पलीकडे जायचे. स्टॉपजवळच 'म्युझियम ऑन द सीम' आहे. ही इमारत १९३२ साली अंदोनी बारामकी या पॅलेस्टिनी ख्रिस्ती वास्तुकारानं बांधली. १९४८ नंतर ती इस्रायली सैन्याची हद्दीवरची चौकी झाली, खिडक्या बंद करून बंदुकीपुरत्या फटी ठेवल्या गेल्या. १९६७ नंतर शहर 'एक' झालं, पण बारामकी कुटुंबाला घर परत मिळालं नाही. आज तिथं समकालीन कलेचं संग्रहालय आहे. प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे प्रदर्शनापेक्षा इमारतच नीट बघा. गोळ्यांनी फुटलेला दगड आणि त्याला लागून डागडुजीचा नवा दगड, हा फरक रस्त्यावरूनही दिसतो. दुपारी उन्हात भिंतीचा तपशील जास्त उठून येतो.

घर परत का मिळालं नाही, याचं उत्तर पुढच्या स्टॉपवर सापडतं. या स्टॉपचं नाव शिमोन हत्सादिक, म्हणजे 'शिमोन पुण्यशील' या प्राचीन ज्यू धर्मगुरूचं. त्याची कबर इथं आहे असं ज्यू मानतात. ज्या अरब मोहल्ल्यात हा स्टॉप आहे त्याचं नाव शेख जर्राह. ते स्टॉपच्या नावात नाही.

या कबरीभोवतीची जमीन १९व्या शतकात ज्यू संस्थांनी विकत घेतली होती. १९४८ मध्ये तिथले ज्यू गेले. १९५६ साली जॉर्डन सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनं पश्चिम भागातून आणि इतर ठिकाणांहून आलेल्या २८ पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबांना इथं घरं दिली, पण मालकीचे कागद त्यांच्या नावावर कधीच झाले नाहीत. १९६७ नंतर इस्रायलचे दोन कायदे लागू पडले. १९७० च्या कायद्यानं ज्यूंना पूर्व जेरुसलेममधली १९४८ पूर्वीची मालमत्ता परत मागता येते. १९५० च्या 'अनुपस्थितांची मालमत्ता' कायद्यानं पश्चिमेतली घरं सोडून गेलेल्या पॅलेस्टिनींची मालमत्ता सरकारजमा झाली. ती परत मागायची सोय नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांनी त्याच वर्षी घर गमावलं, दावा एकालाच करता येतो. शेख जर्राहमधले खटले, २००८-०९ मधली घरं रिकामी करण्याची कारवाई आणि मे २०२१ चा भडका, हे सगळं या एका गाठीपाशी येतं. सातबारा आणि फेरफार यांवरून कोर्टात पिढ्या घालवलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याच मोहल्ल्यात १३ एप्रिल १९४८ रोजी हदासा रुग्णालयाकडे चाललेल्या वाहनांच्या ताफ्यावर अरब बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी धरून ७८ जण मेले. त्याच्या चार दिवस आधी शहराच्या पश्चिमेला देइर यासीन गावात इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र गटांनी १०० हून अधिक गावकरी मारले होते. त्या गावातल्या काही घरांत आता मनोरुग्णालय आहे. ट्राम तिथं जात नाही.

अॅम्युनिशन टेकडीच्या स्टॉपवर लष्करी स्मारक आहे. ६ जून १९६७ च्या पहाटे जॉर्डनच्या इथल्या खंदकांवर झालेल्या लढाईत ३६ इस्रायली आणि ७१ जॉर्डनी सैनिक पडले. खंदकांतून चालता येतं, ऊन असेल तर टोपी आणि पाणी घ्या. घाईत असाल तर हा स्टॉप सोडला तरी चालेल.

त्याच्याही पुढचे अस-साहल, शुआफात आणि बेत हनिना हे तीन स्टॉप अरब वस्तीतले. त्यानंतर पिसगत झेव्ह येतं. १९६७ नंतर ताब्यात घेतलेल्या जमिनीवर १९८० च्या दशकात उभारलेली ही मोठी ज्यू वसाहत. ट्राम उत्तरेला एवढी लांब मुळात तिच्यासाठी नेलेली आहे. अरब स्टॉप वाटेत लागले. सिलवानसारख्या जुन्या शहराला खेटून असलेल्या दाट अरब वस्तीला एकही स्टॉप नाही. शुआफात नावाच्या स्टॉपवर उतरून शुआफातचा निर्वासित कॅम्प शोधू नका, तो इस्रायलनं उभारलेल्या विभाजक भिंतीच्या पलीकडे आहे, नगरपालिकेच्या हद्दीत असूनही. या गोष्टीसाठी ट्रामचे गुण कापावेच लागतात. असं असलं तरी पॅलेस्टिनी लोक तिचा वापर करतात. नोकरीला, दवाखान्यात, बाजाराला जायला ही गाडी स्वस्त आणि वेळेवर. एकाच डब्यात हिजाब, काळी टोपी आणि बंदूक घेतलेला कोवळा सैनिक शेजारी-शेजारी उभे दिसतात. कुणी कुणाशी बोलत नाही.

जुलै २०१४ मध्ये हे चित्र मोडलं. जूनमध्ये पळवलेल्या तीन इस्रायली मुलांची प्रेतं सापडल्यावर, २ जुलैला शुआफातमधल्या १६ वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला पळवून जाळून मारलं गेलं. त्या संतापात जमावानं शुआफात आणि बेत हनिनाचे स्टॉप फोडले, तिकीटयंत्रं जाळली. काही दिवस ट्राम पुढं गेलीच नाही. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला अॅम्युनिशन टेकडीच्या आणि ५ नोव्हेंबरला शिमोन हत्सादिकच्या स्टॉपवर पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी उभ्या माणसांवर गाडी घातली. पहिल्या हल्ल्यात तीन महिन्यांचं तान्हं मूलही गेलं. स्टॉपांवर काँक्रीटचे ठोकळे दिसतात ते त्यानंतरचे. दगड झेलतील अशा काचा गाड्यांना आहेत. सुरक्षारक्षक अधूनमधून चढतात, ओळखपत्र मागू शकतात. पासपोर्ट आणि विमानतळावर मिळालेली निळी प्रवेश-चिठ्ठी हॉटेलात ठेवून येऊ नका.

त्याच जुलैमध्ये इकडे बेळगावजवळच्या येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक उखडला गेला आणि गावात लाठ्या पडल्या. दोन्ही गोष्टींचं वजन एक नाही, ते एका तराजूत घालूही नये. फलकावरचा राग कसा चढतो, एवढंच आपल्याला आतून माहीत आहे, म्हणून ट्राममधले फलक आपण जास्त बारकाईनं वाचतो.

तर फलक. तीन भाषा: वर हिब्रू, मग अरबी, मग इंग्रजी. डब्यातली घोषणाही तिन्हींत. ६० टक्के कन्नडच्या नियमाखाली दुकानाच्या पाट्या रंगवून घेणाऱ्या बेळगावकराला हे फार उदार वाटेल. पण अक्षरांवर थांबू नका, नावं बघा. हिब्रूत 'शाआर श्खेम', अरबीत 'बाब अल-आमूद', एकाच दरवाज्याची दोन खरी नावं. इथं फलक प्रामाणिक आहे. शेख जर्राहला मात्र तिन्ही भाषांत शिमोनच येतो. शहराचं नाव इस्रायलच्या सरकारी फलकांवर अरबी लिपीत 'ऊर्शलीम' असं येतं, हिब्रू नावाचं अरबी रूप, आणि अरब लोक रोज बोलतात ते 'अल-कुद्स' त्याच्या मागून येतं. लिपी तुमची, नाव आमचं. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावची पाटी 'बेळगावी' अशी बदलली तेव्हा निदान सगळ्या भाषांत ती उघडपणे बदलली.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा, नाहीतर तुलना फसते. बेळगावातला मराठी माणूस भारताचा नागरिक आहे. त्यानं महापौर निवडून आणले, आमदार पाठवले, २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पूर्व जेरुसलेमच्या बहुतेक पॅलेस्टिनींकडे इस्रायलचं नागरिकत्व नाही, 'कायम रहिवासी' असं निळं ओळखपत्र आहे. शहराबाहेर बरीच वर्षं राहिलं तर ते रद्द होऊ शकतं. नगरपालिकेला मत देता येतं, संसदेला नाही. आणि पालिकेलाही बहुतेक जण देत नाहीत, दिलं तर १९६७ चा ताबा मान्य केल्यासारखं होईल म्हणून. शहरात दहातले जवळपास चार रहिवासी पॅलेस्टिनी आहेत. ज्या सिटी हॉलच्या स्टॉपवर तुम्ही चढलात तिथल्या सभागृहात त्यांचा आवाज म्हणून जवळपास काहीच नाही.

परतीला याफा रस्त्यानं दक्षिणेकडे या. या रस्त्यावर आता फक्त ट्राम आणि पायी माणसं. शांत, स्वच्छ, कॉफीचा वास. १९९६ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये एका आठवड्याच्या अंतरानं १८ नंबरच्या दोन बस याच रस्त्यावर आत्मघाती बॉम्बनं उडवल्या गेल्या. माहाने येहुदाच्या बाजारात ३० जुलै १९९७ रोजी आत्मघाती स्फोटांत १६ जण मेले. बाजाराच्या स्टॉपवर उतरून खजूर, हलवा घ्या. शुक्रवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते, पाकीट पुढच्या खिशात.

बेथलेहेमला ट्रामनं जाता येत नाही. दमास्कस दरवाज्यापाशी उतरून २३१ नंबरची अरब बस धरा. सुटे शेकेल जवळ हवेत. जाताना कुणी अडवत नाही. येताना नाक्यावर बस थांबते: पॅलेस्टिनी प्रवासी खाली उतरून रांगेत उभे राहतात, परदेशी पासपोर्टवाल्यांना बहुधा जागेवर बसूनच तपासतात. कोगनोळीच्या नाक्यावर दोन्ही राज्यांच्या एसट्या थांबतात तेव्हा निदान सगळेच उतरतात. तुम्ही आत बसून राहाल आणि शेजारची सीट रिकामी होईल. सामान मांडीवर घ्या, म्हणजे शेजाऱ्याला परत येऊन बसताना अडचण होणार नाही.